अडीच तारे आणि एक फुगा

एका अस्वलाने मला अरेतुरे करायला सुरुवात केली, तेव्हापासून माझी झोप उडालेली आहे. अस्वल म्हणजे खरं नव्हे. टीव्हीला जोडायचं खेळांचं जे यंत्र असतं, ज्याला जाणकार लोक कन्सोल म्हणतात, त्यात राहणारं एक तपकिरी, गुबगुबीत, हातात फुगा धरलेलं अस्वल. पण खऱ्या अस्वलाने फार तर ओरबाडलं असतं. याने माझी आयुष्यभराची अब्रू काढली.

आधी माझ्याविषयी सांगतो, म्हणजे काढायला अब्रू होती हे तुम्हाला पटेल. मी नाट्यसमीक्षक आहे. आमच्या दैनिकाच्या पुरवणीत माझं सदर कित्येक वर्षं चालू आहे आणि पाचपैकी अडीचच्या वर तारे मी आजवर कोणालाच दिलेले नाहीत. अडीच मिळाले की नाटकाची मंडळी एकमेकांना पेढे भरवत नसतील, पण निदान माझ्या घरावर दगड मारत नाहीत. नटलोक पाठीमागे मला 'अडीच' म्हणतात. समोरही म्हणत असतील, मी लक्ष देत नाही.

तर पुरवणीच्या नव्या संपादकबाईंनी मला बोलावलं. वयाने माझ्या पुतणीएवढ्या, पण खुर्चीला वय नसतं. त्या म्हणाल्या, "सर, नाटकाचं पान बंद होतंय. जाहिराती नाहीत. पण तुमचं सदर मला ठेवायचंय. तुम्ही व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहा."

"मी?" मी म्हणालो.

"परीक्षण ते परीक्षण, सर. तिथेही गोष्ट असते, पात्रं असतात. लोक तेच वाचतात हल्ली. नाहीतर..."

हे 'नाहीतर' त्यांनी तसंच टेबलावर ठेवलं आणि चहा मागवला. मला ते पुरेसं होतं. खोटं कशाला बोलू, मी घाबरलो. सदर गेलं तर उरतो कोण? संध्याकाळी कुठे जायचं हे ठाऊक नसलेला एक जाडा माणूस. नाट्यगृहाचा दारवान मला नमस्कार करतो तो सदराला करतो, हे मला चांगलं माहीत आहे. मी हो म्हणालो.

यंत्र खोक्यातून घरी आलं. सोबत ऑफिसने परीक्षणासाठी घेतलेले खेळही माझ्या नावावर यायचे होते. एक लढाईचा, एक ड्रॅगनचा, एक फुटबॉलचा, आणि एक उद्ध्वस्त शहरात भटकणाऱ्या एकट्या बाईचा. त्या बाईच्या खेळाकडून मला आशा होती.

जोडणी बायकोने केली. ती विमा कंपनीत लोकांचे दावे तपासते, त्यामुळे बारीक अक्षरातलं काहीही समोर आलं की तिला चैन पडत नाही. माहितीपुस्तिका तिने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, मग पहिलं खातं स्वतःच्या नावाने उघडलं आणि कंट्रोलर माझ्या हातात देऊन म्हणाली, "आता तुमचं नाव घाला. आणि नीट वाचून घाला."

या प्रसंगी वरच्या मजल्यावरचे न्यायमूर्ती हजर होते. ते निवृत्त झालेत, पण निकाल देणं थांबलेलं नाही. कोणाच्या घरी खोकं आलं की ते पाठोपाठ येतात. यंत्राने माझी जन्मतारीख विचारताच त्यांनी हात वर केला.

"खरी तारीख द्यायची नाही. यंत्रात गेलेली गोष्ट उद्या कोणाच्या हाती लागेल, सांगता येत नाही. लक्षात राहील अशी दुसरी कुठली तरी घाला."

मी क्षणभर विचार केला आणि लक्षात राहण्यासारखी एक तारीख घातली. कुठली, ते कोणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. तारीख चार वर्षांपूर्वीची होती. यंत्र तारखेवरून वय काढतं, ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. न्यायमूर्तींच्याही आली नाही, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

टीव्हीवर संगीत वाजलं आणि ते अस्वल आलं. "ये बाळा, ये," ते म्हणालं. "तू चार वर्षांचा आहेस ना? छान. ही तुझी आई ना? आता आपण आईला विचारून खेळायचं हं." आणि आई म्हणून बायकोच्या खात्याचं चित्र दाखवलं.

बायको सोफ्याचा हात धरून खाली बसली. तिला हसू आलं की आवाज येत नाही, फक्त खांदे हलतात. ते बराच वेळ हलत होते. न्यायमूर्तींनी कप खाली ठेवला, घड्याळ पाहिलं आणि "हे प्रकरण माझ्या अधिकारक्षेत्रात येत नाही" असं म्हणून ते निघून गेले.

मला वाटलं, दोन मिनिटांचं काम आहे. लढाईचा खेळ उघडायला गेलो. अस्वलाने बोट हलवलं. "अं हं. हा मोठ्यांचा खेळ आहे. तू मोठा झालास की खेळ." ड्रॅगनच्या वेळीही तेच. फुटबॉलला तर म्हणालं, "यात मुलं पडतात हं." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एका माणसाला चेंडू खेळायलाही मज्जाव?

"तू परवानगी देऊन टाक," मी बायकोला म्हणालो. "तुझ्या फोनवरून एक बटण तर दाबायचंय."

तिने फोन उघडून वाचलं आणि परत ठेवला. "नाही देता येणार."

"का?"

"त्यात लिहिलंय, 'माझ्या चार वर्षांच्या मुलाने हा हिंसक खेळ खेळावा याची जबाबदारी मी घेते.' हे निवेदन खोटं आहे. तुम्ही चार वर्षांचे नाही, माझा मुलगाही नाही. अहो, लोकांची जळालेली दुकानं मी याच कारणावरून नामंजूर केलीत. स्वतः असल्या निवेदनाला होकार कसा देऊ?"

"मग वय दुरुस्त करून घे."

"त्याचा मार्ग आहे," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर ऑफिसातला तो भाव आला. "कंपनीला कळवायचं. चौकशी संपेपर्यंत खातं बंद राहील. खेळ तुमच्या खात्यात आलेत, तेही बंद."

चौकशीला किती दिवस लागतात हे विचारायला मी कंपनीला फोन केला. तिकडची बाई गोड बोलत होती.

"मुलाच्या खात्याबद्दल बोलायचंय का? मुलाचे पालक बोलतायत?"

"नाही. मुलगा बोलतोय," मी म्हणालो.

मग ती आणखी गोड आवाजात म्हणाली, "बाळा, आईला फोन दे बरं."

मी आवाज चढवून सांगितलं की मी या दैनिकाचा ज्येष्ठ समीक्षक आहे आणि मला चाळिशीचा चष्मा लागूनही बरीच वर्षं झाली. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, तसं असेल तर मुलाचा जन्मदाखला, पालकाचं ओळखपत्र आणि दोघांच्या नात्याचा पुरावा पाठवा. नातं कुठलं लिहू, विचारलं तर आई, वडील, आजी-आजोबा किंवा इतर. लग्नाचा दाखला देऊन बायकोला स्वतःची 'इतर पालक' ठरवायचं, एवढा मोकळा मी अजून झालेलो नाही. मी फोन ठेवला.

आता तुम्ही म्हणाल, संपादकबाईंना खरं सांगून नवीन खातं का उघडलं नाही? सांगून बघा तुम्ही. 'मॅडम, यंत्र मला चार वर्षांचा समजतं, खेळ परत मागवा' हे वाक्य मी आरशासमोर म्हणून पाहिलं. दुसऱ्या अर्ध्यापर्यंतसुद्धा पोचलो नाही.

खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी तोडगा काढला. त्यांच्या दवाखान्यात छोट्या पेशंटांना रमवायला असंच यंत्र होतं. "दुपारी या, कोणी नसतं," ते म्हणाले. मी गेलो. कोणी नव्हतं, पण तिथलं यंत्रही छोट्यांचंच होतं आणि त्यातही अस्वल होतं. ते मला पाहून काही बोललं नाही, एवढीच माणुसकी. मी निघणार तेवढ्यात डॉक्टर हात पुसत बाहेर आले. "आलाच आहात तर बसा जरा खुर्चीत." त्यांना रिकामी खुर्ची बघवत नाही. मी लढाईच्या खेळासाठी गेलो होतो आणि एक अक्कलदाढ गमावून परत आलो. घरी आल्यावर बायको म्हणाली, "चार वर्षांच्या मानाने लवकरच पडली."

तोंडात कापूस आणि डोक्यावर मजकुराची मुदत. शेवटी मी एक गोष्ट केली, जी नाटकाच्या क्षेत्रात सर्रास चालते. नावं घेत नाही. मी खेळ न पाहता परीक्षण लिहिलं. लढाईच्या खेळाचं चित्र मला यंत्रात दिसत होतं, फक्त खेळ उघडत नव्हता. चित्रात धुरात उभा असलेला एक सैनिक होता. मी त्याच्या डोळ्यांतल्या एकाकीपणावर लिहिलं. त्याच्या मौनातून युद्धाची निरर्थकता कशी झिरपते, यावर एक परिच्छेद लिहिला. शेवट मात्र घाईत गुंडाळला आहे असाही ठपका ठेवला, कारण शेवट नेहमीच घाईत गुंडाळलेला असतो. अडीच तारे.

पत्रांचा पाऊस पडला. तो सैनिक खेळ सुरू होताच मरतो म्हणे. पुढचा सगळा खेळ त्याच्या बहिणीचा आहे आणि ती एक क्षण गप्प बसत नाही. मौनाबद्दल तर लोकांनी मला फार सुनावलं.

संपादकबाईंचा फोन आला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "सर, तुम्ही खेळला होतात ना?" मी खोकलो. त्या म्हणाल्या, "मी वर सांगितलंय की सर कधी खोटं लिहीत नाहीत. पुढचा लेख बघून ठरवू म्हणालेत सगळे. कुठलाही खेळ घ्या, पण खेळून लिहा."

ते माझ्या मनाला फार लागलं. मी लोकांची नाटकं पाडली असतील, पण पाहून पाडली होती. ठरवलं, अस्वल जे खेळू देईल ते खेळायचं आणि त्यावर खरं लिहायचं. काय व्हायचं ते होऊ दे.

यंत्रासोबत छोट्यांचे काही खेळ फुकट आले होते. पहिला बदकं मोजायचा. बदकं तळ्यात येतात, आपण मोजायची. पहिल्या अंकात संघर्षच नाही. दुसऱ्या अंकात एक बदक मागे राहतं आणि थोडी आशा वाटते, पण तेही लगेच येतं. दोन तारे. दुसरा खेळ आकार भोकात बसवण्याचा. त्रिकोण चौकोनी भोकात जात नाही, हे मला पटायला वेळ लागला. मला वाटत होतं दिग्दर्शकाला काहीतरी वेगळं म्हणायचं असेल. दर वेळी अस्वल यायचं आणि म्हणायचं, "काही हरकत नाही. पुन्हा करून बघ." त्याच्या आवाजात उपरोध नव्हता, मी कान देऊन ऐकलं. कोणत्याही नटाला मी असं कधी म्हणालो नव्हतो. शेवटी त्रिकोण बसला तेव्हा त्याने मला फुगा दिला. हसा खुशाल, पण मी इकडेतिकडे बघून घेतलं, कोणी तो फुगा पाहिला का म्हणून. पाहायला हवा होता कोणीतरी.

तिसरा खेळ हत्तीच्या पिल्लाचा. पिल्लू कळपापासून चुकलेलं असतं. त्याला चारा घालायचा, न्हाऊ घालायचं, ऊन लागलं की झाडाखाली न्यायचं. सुरुवातीला ते पळून जातं, मग मागे मागे येतं, मग आपण थांबलो की थांबतं. मी सराईतपणे मनात टिपणं काढत होतो. 'नेपथ्य भडक', 'हत्तीचा अभिनय संयत'. दुसऱ्या दिवशी टिपणं बंद पडली. तिसऱ्या दिवशी मी चहा घ्यायचा विसरलो, कारण पिल्लाला काटा लागला होता.

शेवटच्या दिवशी नदीपलीकडे कळप दिसला. आता एकच बटण दाबायचं होतं. अस्वल म्हणालं, "त्याची आई आली. त्याला टाटा कर." पिल्लू माझ्याकडे बघत उभं. मी बटणावर अंगठा ठेवला आणि तो दाबला जाईना. एवढं करून सवरून सोडायचं? मी त्याला आणखी एकदा न्हाऊ घातलं. आणखी एकदा चारा दिला. तेवढ्यात अस्वलाने जांभई दिली. चार वर्षांच्या मुलाला रोज एकच तास. "आता डोळ्यांना विश्रांती. अजून खेळायचं तर आईला विचारू या का?"

मी पुढचामागचा विचार न करता विचारलं.

त्या वेळी बायको तिच्या ऑफिसात दाव्यांच्या मोठ्या बैठकीत होती. तिच्या फोनमधले जळालेल्या गोदामाचे फोटो भिंतीवर दाखवले जात होते आणि सगळे वरिष्ठ गंभीरपणे बघत होते. गोदामाच्या मधोमध अस्वल उगवलं. खाली ठळक अक्षरांत आलं, 'तुमच्या बाळाला अजून थोडा वेळ हवा आहे. बाळ हत्तीजवळ आहे.'

मोठे साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्हाला लहान मूल आहे? कधी बोलला नाहीत."

"आहे," ही म्हणाली. "वयाच्या मानाने थोराड आहे." आणि सगळ्यांदेखत तिने परवानगी दिली.

मी बटण दाबलं. पिल्लू पाण्यात उतरलं, पलीकडे चढलं, एकदा मागे वळून बघितलं आणि गेलं. मला रडू आलं. नाट्यगृहाच्या पहिल्या रांगेत आयुष्य काढलं, शेजारचे लोक रुमाल शोधत असायचे तेव्हा मी घड्याळ बघत असायचो. आणि इथे एका कार्टूनच्या हत्तीपायी मी सदऱ्याला डोळे पुसत होतो.

लिहायला बसलो तर ओळ सुचेना. तारे किती? अडीच लिहायला पेन गेलं नाही. जास्त लिहायची हाताला सवय नाही. लेख द्यायची वेळ जवळ येत चालली, फोन वाजत राहिला आणि मी खोलीचं दार लावून आडवा झालो. सदर गेलं, हे मी मनाशी कबूल करून टाकलं. डोळा कधी लागला कळलं नाही.

सकाळी दार वाजलं. न्यायमूर्ती पेपर घेऊन उभे होते. "निकाल वाचला," ते म्हणाले. "थोडक्यात आहे, पण कारणं सगळी दिलेली आहेत. आमच्या वेळी असे निकाल फार कमी लिहिले गेले."

माझ्या सदराच्या जागी माझा फोटो होता. खाली बायकोचं नाव. संपादकबाईंनी काल मी फोन उचलेना म्हणून घरी हिला फोन केला होता आणि हिने त्यांना अस्वलापासून अक्कलदाढेपर्यंत सगळं सांगितलं होतं. त्या म्हणे आधी हसत सुटल्या. मग म्हणाल्या, तुम्हीच लिहून द्या. हिने जे रोज ऑफिसात लिहिते तेच लिहिलं होतं.

'दावा: अर्जदार परीक्षणासाठी खेळ खेळतो. तपासणी: लढाईचा खेळ खेळला नाही, दावा फेटाळला. बदकं मोजली, चुकीची मोजली. आकार बसवले, फुगा मिळवला, तो कोणी पाहिला नाही म्हणून जेवताना तीन वेळा विषय काढला. हत्तीचं पिल्लू स्वतः सांभाळलं आणि स्वतः सोडलं. याला पुरावा म्हणून सदरा धुवायला आला आहे. घरात बादली उचलायचा कंटाळा करणारा माणूस हत्तीला दिवसातून दोनदा न्हाऊ घालतो, याची नोंद घेतली आहे आणि गुण कापले आहेत. एरवी अर्जदाराच्या नेहमीच्या पद्धतीने अडीच तारे दिले असते.

परंतु अर्जदाराने यंत्राला खोटी जन्मतारीख दिली, तिची मी चौकशी केली. लक्षात राहील अशी तारीख घाला, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. त्यांनी घातलेली तारीख म्हणजे आम्ही दोघं या घरात राहायला आलो तो दिवस आहे. ती फक्त माझ्याच लक्षात आहे, अशी माझी समजूत होती. अर्धा तारा वाढवून तीन.'

मी ते उभ्याउभ्या दोनदा वाचलं. आधी राग आला. बदकांचा उल्लेख टाळता आला असता. जिन्यात दातांचे डॉक्टर कोणाला तरी "बाळ उठलं का?" असं विचारत होते, तेही ऐकू आलं. संपादकबाईंचा निरोप आला होता: सदर चालू राहणार, सरांनी खेळायचं, मॅडमनी निकाल द्यायचा, वरच्या सगळ्यांना आवडलंय. म्हणजे वाचलो. पण ज्या पद्धतीने वाचलो ते बघता, बुडालो असतो तर निदान ऐटीत बुडालो असतो.

मग मी पेपर घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ही ऑफिसला जायच्या गडबडीत पाण्याची बाटली भरत होती.

"तीन जास्त झाले," मी म्हणालो.

"वरच्या मजल्यावर अपील करा."

"तुझ्या लक्षात असेल असं मला वाटलं नव्हतं."

"मला तुमच्याबद्दल वाटलं नव्हतं," ती म्हणाली. तिने बाटलीचं झाकण लावलं, ते उगाच पुन्हा काढलं आणि पुन्हा लावलं. "बरं, तुमचा जन्मदाखला काढून ठेवलाय. आज कंपनीला पाठवते. चौकशी झाली की व्हाल एकदाचे मोठे."

"पुढच्या महिन्यात पाठव," मी म्हणालो. "त्या तारखेला मी पाच वर्षांचा होतोय. वाढदिवसाला अस्वल फुगा देतं."

तिने पर्स खांद्याला लावली, चप्पल घातली. दारापर्यंत गेली आणि वळली.

"माझ्यासाठीही एक मागून ठेवा," ती म्हणाली.